कॉलनीचे चित्र कोणी काढायचे?

प्रश्न : आमच्या रहवासी संघाने कॉलनीत सावली वाढवण्याचा आणि पावसाचे पाणी जिरवण्याचा आराखडा वास्तुविशारदाकडून करून घेतला, परंतु बैठकीत पार्किंगवरून वाद झाला आणि काम थांबले. सर्वांना आपला वाटेल असा आराखडा कसा करावा?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आराखडा चांगलाही असेल, पण तो लोकांपुढे पूर्ण होऊन आला. तयार नकाशाला माणसे होकार किंवा नकार देतात, त्यात भर घालत नाहीत. इंदूरवरील ज्यांचा अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध झाला, त्या स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकरांच्या या शहरात काम करताना दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न नेता, जेथील रहिवासी घरे आणि गल्ल्या सर्वांत अधिक स्वच्छ करतील तेथून नेण्याचे ठरवले होते. प्लेगने गांजलेल्या शहरात त्यामुळे लोक स्वतः कामाला लागले.

आपणही फक्त घरे, रस्ते, जुनी झाडे आणि विहिरी दाखवणारा कोरा नकाशा घेऊन दारोदारी जावे. बैठकीला न येणाऱ्यांना आधी विचारावे: मे महिन्यात दुपारी ठेला कोठे उभा करता येतो हे भाजीवाल्याला, आणि जोराच्या पावसात पाणी कोणत्या फाटकापर्यंत चढते हे घरकामाला येणाऱ्या बायकांना नेमके ठाऊक असते. त्यांनी सांगितलेली प्रत्येक जागा त्यांच्यासमोरच नकाशावर नोंदवावी.

पार्किंगचा वाद टाळू नये, कारण खरा आराखडा तेथेच ठरतो. विरोध करणाऱ्याच्या घरी वृद्ध आई असेल आणि गाडी दारातच लागायला हवी असेल, तर ती गरजही नकाशावर आली पाहिजे. झाडासाठी गाडीची पूर्ण जागा लागतेच असे नाही. दोन गाड्यांच्या मधे पेव्हर ब्लॉक काढून बुंध्याभोवती माती मोकळी ठेवता येते. ही जागा आधी चुन्याने आखून महिनाभर वापरून पाहावी आणि अडचण आल्यास रेघ सरकवावी. लावलेले झाड सरकवता येत नाही. वृक्षारोपणाच्या छायाचित्रांपेक्षा हा महिना मला अधिक मोलाचा वाटतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटर छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी येते, आणि आपण मात्र जलूदहून उपसून आणलेल्या नर्मदेच्या पाण्यावर विसंबून राहतो. काळ्या मातीत पाणी सावकाश जिरते, म्हणून जेथे वापरातली विहीर किंवा बोअरिंग आहे, तेथे छताचे पाणी गाळून त्यातच सोडण्याचा विचार तज्ज्ञाला दाखवून करावा.

नकाशा पार्षदांकडे आणि नगर निगमच्या झोन कार्यालयात नेताना सहमत नसलेल्यांचे म्हणणेही त्यांच्या सहीसह जोडावे. झाडांसाठीचे खड्डे पावसाळ्यापूर्वी तयार असावेत, आणि विजेच्या तारांखाली कडुनिंब न लावता कांचनासारखे लहान झाड लावावे.