क्लास ए, एबी आणि डी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नक्की फरक काय? घरासाठी कोणता घ्यावा?

तुमचा दुकानदार म्हणतो क्लास डी घ्या, डिजिटल आहे, आणि मित्र म्हणतो आवाज क्लास ए चाच. दुकानदाराचं डिजिटल वगैरे सोडून द्या, तसं काही नसतं, सगळा खेळ आउटपुटचे ट्रान्झिस्टर किती वेळ आणि कसे चालू राहतात याचा आहे.

क्लास ए मध्ये गाणं वाजो न वाजो करंट वाहतच असतो, आवाज स्वच्छ मिळतो पण साध्या सर्किटमध्ये कागदावरसुद्धा फार तर २५ टक्के पॉवर स्पीकरला जाते, बाकीची हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) तापवते. नागपूरच्या मे महिन्यात नकोच ते!

एबी कळायला आधी बी बघू. क्लास बी मध्ये वरची अर्धी लाट एका ट्रान्झिस्टरकडे, खालची दुसऱ्याकडे. कागदावर ७८.५ टक्के, पण प्रत्येकाला चालू व्हायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात म्हणून मध्ये खाच पडते, मोठ्या आवाजात कळत नाही, रात्री हळू लावलं की खरखर जाणवते. एबी मध्ये दोघांनाही थोडा करंट देऊन जागं ठेवतात, यालाच बायस म्हणतात. तो सेट करताना मी इनपुट शॉर्ट करून आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर या पायाला जोडलेल्या ०.२२ ओमच्या रेझिस्टरवर मीटर लावतो, १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ४५ मिलिअँप, आणि अ‍ॅम्प गरम झाला की परत बघतो, कारण ट्रान्झिस्टर तापला की करंट वाढतो, करंट वाढला की तो अजून तापतो आणि मग ५२००-१९४३ ची जोडी (आउटपुटचे नेहमीचे दोन ट्रान्झिस्टर) उडते. बायस ठरवणारा ट्रान्झिस्टर त्याच हीटसिंकवर बसवतात तो यासाठीच.

क्लास डी मध्ये ऑडिओची तुलना काहीशे किलोहर्ट्झच्या त्रिकोणी लाटेशी करून पल्स बनवतात, मॉसफेट (इथले आउटपुट ट्रान्झिस्टर) एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, म्हणून फार तापत नाही, ९० टक्क्यांच्या आसपास जातो. पुढे कॉइल आणि कपॅसिटर स्विचिंगचा कचरा गाळतात, स्वस्त बोर्डात पैसे वाचवतात ते नेमके इथे.

घरासाठी माझं मत डी ला, फक्त बोर्डावर छापलेल्या वॉटवर जाऊ नका. टीपीए ३११६ या क्लास डी चिपचा '१०० वॉट' बोर्ड १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर ८ ओमच्या स्पीकरला एका चॅनेलमागे जेमतेम ९ वॉट स्वच्छ देतो, तोच २४ व्होल्टवर ३० च्या वर जातो. तेव्हा बोर्ड स्वस्तातला चालेल, पण पैसे सप्लायवर घाला. आणि घरात जुना एबी चांगला चालत असेल तर विकू नका, कपॅसिटर बदलून घ्या.