अझीम प्रेमजींची जडणघडण कशी झाली? पुढच्या समाजाबद्दल त्यांचा विचार काय? खेड्यातून टेक्नॉलॉजीचा धंदा करणाऱ्याने त्यातून काय घ्यावं?

मी अमळनेर तालुक्यातला, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवत नाही. आमच्याकडे चार माणसं पारावर बसली की पाचव्या मिनिटाला विप्रोचा शेअर निघतोच. अमक्याच्या आजोबांनी ठेवले, तमक्याच्या बापाने विकले. ठेवणाऱ्यांचे बंगले सगळ्यांना दिसतात. विकणाऱ्यांच्या घरी त्यावरून दर दिवाळीला भांडण होतं. आमचं घर विकणाऱ्यांतलं.

आधी प्रेमजींचं सांगतो. लोक गोष्ट अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठापासून सुरू करतात, ते मला पटत नाही. १९४५ च्या डिसेंबरात त्यांच्या वडिलांनी, मोहम्मद हाशम प्रेमजींनी, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली आणि वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला उभा केला. त्या लांबलचक नावातली अक्षरं उचलून पुढे विप्रो झालं. १९६६ साली वडील अचानक गेले. मुलगा २१ वर्षांचा, अमेरिकेत इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून परत आला. डिग्री खूप वर्षांनी पूर्ण केली. आल्यावर हातात कॉम्प्युटर नव्हता, तेल होतं, तुपाचे डबे होते, पुढे साबण आला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उभं राहून सुनावलं की तुला हे झेपायचं नाही, विकून टाक. १९७७-७८ च्या सुमारास आयबीएम देशातून गेली, जागा रिकामी झाली आणि हा तेलवाला तिथे शिरला. सभेतल्या त्या बोलण्यापासून कॉम्प्युटरपर्यंत मध्ये दहाहून जास्त वर्षं तेल-तूप-साबण आहे. त्या वर्षांबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या मते माणूस तिथेच घडला.

आता आमच्या आप्पांचं. आप्पा म्हणजे आजोबा, एका अडत दुकानात दिवाणजी होते. शेंगांचं पोतं आलं की मूठभर शेंगा कानाशी धरून हलवायचे. जास्त खडखडल्या की म्हणायचे, दाणा आखडलाय. मग एक दाणा वहीच्या कोऱ्या पानावर अंगठ्याने रगडायचे आणि तेलाचा डाग किती पसरतो ते बघायचे. त्यांच्या जुन्या वह्या माझ्याकडे आहेत, पानापानावर तेलकट गोल आणि शेजारी भाव. या माणसाने कुणाच्या तरी सांगण्यावरून विप्रोचे दहा शेअर घेतले होते. १९८२ साली आत्याचं लग्न निघालं. आजीने पत्र्याच्या पेटीतून कागद काढून समोर ठेवले आणि विचारलं, "कागद दूध देस का?" आप्पांनी विकले. लग्न झालं आणि उरलेल्या पैशांत विहिरीवर ५ एचपीची मोटर बसली.

माझा मोठा भाऊ पुण्यात आयटीत आहे. तो त्या मोटरला "करोडांची मोटर" म्हणतो. कंपनीने फुकट दिलेले बोनस शेअर, एकाचे अनेक केलेले स्प्लिट, सगळं धरून त्या दहा शेअरचे आज किती झाले असते याचं त्याने एक्सेल केलंय. आकडा मी इथे लिहीत नाही, पुन्हा रात्रभर झोप लागायची नाही.

पण माझा धंदा त्याच मोटरीतून निघाला, हे दादाच्या एक्सेलमध्ये कुठेच नाही.

शेतीची थ्री फेज लाइट कशी येते हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी बापाबरोबर विहिरीवर झोपायला जायचो. दोन वाजता लाइट आली की बाप बॅटरी घेऊन उठायचा, कारण तिथे बटण दाबायला माणूसच लागायचा. एक फेज गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर मोटर घूं घूं करत राहायची आणि जळायची. आमची मोटर मी सहावीत असताना जळाली. रिवायंडिंगवाल्याने उघडली तेव्हा जळक्या वार्निशचा जो वास आला तो अजून नाकात आहे. बाप काही बोलला नाही, फक्त त्या वर्षी मला सायकल मिळाली नाही.

पुढे डिप्लोमा केला, पुण्याच्या एमआयडीसीत काही वर्षं काढली आणि २००९ ला परत आलो. मोटर चालू-बंद करणारा सिम कार्डवाला स्टार्टर, म्हणजे एक डबा, बनवला. घरून मिस कॉल द्यायचा, डबा नंबर ओळखतो, कॉल कापतो आणि मोटर चालू करतो. फेज कमी असेल तर मोटर उचलतच नाही, उलट तुम्हालाच फोन लावतो. मिस कॉल अशासाठी की त्याला पैसे पडत नाहीत.

पहिला डबा चोपड्याकडच्या एका केळीवाल्याला विकला, भर मे महिन्यात. त्या उन्हात केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर बाग मान टाकते. चौथ्या दिवशी डबा बंद. मी पोचेपर्यंत आठ-दहा माणसं जमली होती. उघडला, तर मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या पॉइंटांमध्ये पाल चिकटून मेलेली. केबलच्या भोकातून आत शिरली होती. मी प्रोग्राम तीन महिने तपासला होता, भोक बुजवायचं सुचलं नव्हतं. शेतकरी शांतपणे म्हणाला, "तुन्हं यंत्र तुन्हापाशीच ठेव भाऊ." पैसे परत दिले आणि बसस्टँडवर येऊन पोटभर रडलो.

त्यावर उपाय निघाला आठ रुपयांचा, केबलच्या भोकात रबरी ग्लँड. तो केळीवाला पुढच्या वर्षी स्वतः आला आणि दोन डबे घेऊन गेला. त्याने तेव्हा चारचौघांत सुनावलं नसतं, तर मी अजूनही प्रोग्रामच तपासत बसलो असतो. प्रेमजींच्या त्या भागधारकाची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. (बरोबरी करत नाही. माझ्याकडे सहा पोरं कामाला आहेत, तीही दिवाळीत गायब होतात.)

तर खेड्यातल्या उद्योजकाने काय घ्यावं? गिऱ्हाइकाच्या बांधावर उभं राहून शिव्या खाव्यात. दुसरं काही मला सांगता येत नाही. फंडिंग, पिच वगैरे दुसऱ्या कुणाला विचारा.

राहिला पुढच्या समाजाचा प्रश्न. इथे दादाचं आणि माझं खरं वाजलेलं आहे. कॉम्प्युटरवर मोठा झालेला प्रेमजींसारखा माणूस पुढचा समाज कॉम्प्युटरवर उभा करायला निघालेला नाही. त्यांची आई गुलबानू डॉक्टर होत्या आणि मुंबईत अपंग मुलांच्या हॉस्पिटलसाठी वर्षानुवर्षं पैसे गोळा करत फिरल्या. तो संस्कार आणि संपत्तीचा मालक नव्हे, विश्वस्त व्हावं हा गांधीजींचा विचार, या दोन्हींबद्दल ते स्वतः बोलले आहेत. २००१ मध्ये त्यांनी फाउंडेशन काढलं, तेही सरकारी शाळांसाठी. सुरुवातीला त्यांनीही कॉम्प्युटरवर शिकायच्या सीडी शाळांत नेल्या. काही वर्षं करून बघितलं, त्याने फार काही होत नाही हे लक्षात आलं आणि सगळा भर शिक्षकांवर दिला. २०१० मध्ये बंगळुरूला विद्यापीठ झालं, तेही शिक्षणात आणि लोकांमध्ये काम करणारी माणसं तयार करायला. २०१९ मध्ये आणखी शेअर देऊन टाकले तेव्हा फाउंडेशनकडे दिलेली एकूण रक्कम सुमारे १ लाख ४५ हजार कोटींच्या घरात गेली. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारबरोबर करार झाला, तीन वर्षांसाठी १,५०० कोटी, कशाला? शाळेतल्या पोरांना आठवड्यातले सहाही दिवस अंडं मिळावं म्हणून. देशातला एवढा मोठा सॉफ्टवेअरवाला अंड्यावर पैसे लावतो, यावर जरा थांबून विचार करा.

आमच्या दादाने २०२१ मध्ये गावच्या जिल्हा परिषद शाळेला बारा टॅब दिले. हार, नारळ, फोटो सगळं झालं. मी तेव्हाच म्हटलं होतं, हेच पैसे दोन वर्षं एका शिकवणाऱ्या पोरीला दे, तिसरी-चौथीच्या पोरांना वाचायला तरी येईल. दादा म्हणाला, तू जुन्या विचारांचा. टॅब आज कपाटात आहेत. किल्ली असते, पण चार्जर सापडत नाहीत, आणि सापडले तरी शाळेत प्लग एकच, त्यावर पाण्याची मोटर. साने गुरुजी ज्या गावात शिक्षक होते त्या अमळनेरच्या लोकांना शिक्षकाची किंमत मी सांगायची म्हणजे कमालच आहे.

थोडं सावरून घेतो. टॅब वाईटच असतात असं नाही. कोरोनात त्याच शाळेच्या एका सरांनी स्वतःच्या मोबाइलवर ओट्यावर बसून पोरं शिकवली, म्हणजे वस्तू चालते, मागे माणूस पाहिजे. प्रेमजींना मी कधी भेटलेलो नाही. आणि चांगले शेअर विकून मोटर घ्या असाही माझा सल्ला नाही, आप्पांनी निदान दोन तरी ठेवायला हवे होते.

विहीर तीच आहे, मोटर मात्र आता तिसरी. बापाला रात्री उठावं लागत नाही, कारण ती चालू करायचं काम दादाने आपणहून घेतलंय. रोज सकाळी सहाला तो पुण्याहून मिस कॉल देतो, मोटर उचलली की घरच्या ग्रुपवर लिहितो, "करोडांची मोटर चालू."