पहिल्या बाळंतपणातलं रडू दुसऱ्या वेळी आठवतंय

पत्र : एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात माझं सिझर झालं. आदल्याच दिवशी कोविड पॉझिटिव्ह निघाले, म्हणून बाळाला वेगळं ठेवलं. आठवडाभर त्याला फक्त मोबाइलवर पाहिलं. आई साताऱ्यात अडकली. मला दूध आलंच नाही. पुढे कित्येक महिने न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. आता पुन्हा पाचवा महिना लागलाय आणि रात्री दचकून जाग येते. सासूबाई म्हणतात, तेव्हा सगळ्यांवरच वेळ आली होती, मनाला लावून घेऊ नकोस. मोठ्या मुलाकडे पाहिलं की अपराधी वाटतं.
– एक आई

अगं, सासूबाई धीर द्यायलाच बोलत असतील. पण वेळ सगळ्यांवर आली म्हणून तुझ्यावरची हलकी झाली नाही. एरवी आपल्याकडे बाळंतिणीभोवती किती माणसं असतात! माहेर, अंग चोळायला येणारी बाई, अळिवाची खीर, बारशाची गडबड. त्या निमित्ताने कुणीतरी बाळाला घेतं, तिला तासभर झोप मिळते, मनातलं बोलता येतं. दुसऱ्या लाटेत हे सगळं तुटलं. ओल्या टाक्यांनिशी, तापात, तू ते एकटीने काढलंस.

बाळाला दूर ठेवायचा निर्णय तुझा नव्हता. मास्क लावून, हात धुऊन आईने बाळाला पाजावं, दोघांना एकत्र ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगत होती. तरी भीतीपोटी अनेक ठिकाणी ताटातूट झाली, याचं मला आजही फार वाईट वाटतं. बाळाने ओढलं किंवा वेळच्या वेळी दूध काढलं, तर दूध वाढतं. तुला दोन्हीतलं काहीच करता आलं नाही. यात तुझं आईपण कुठे कमी पडलं? आणि मुलाची माया त्या एका आठवड्यावर ठरत नाही. त्यानंतर रोज त्याला न्हाऊमाखू घालणारी, रात्री उठणारी तूच होतीस ना?

आता मला जास्त काळजी आहे ती नळाखालच्या रडण्याची. बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस रडू येणं नेहमीचं, ते आपोआप ओसरतं. महिनोन्‌महिने टिकलं, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. तुला तेच होतं का, हे डॉक्टरच सांगतील. पण त्या वेळी कुणी विचारलंच नाही. एकदा ते झालं असेल, तर पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो, आणि गरोदरपणातही ते सुरू होऊ शकतं. म्हणून पुढच्या तपासणीला रक्तदाबाच्या आधी हे सांग. जमत नसेल तर मला लिहिलेलं पत्रच डॉक्टरांपुढे ठेव. एडिंबरा नावाची दहा प्रश्नांची छोटी चाचणी असते, ती घ्यायला सांग. समुपदेशनाने पुष्कळ बरं वाटतं. गोळ्या लागल्याच, तर गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालतील अशाही असतात. मनाने सुरू किंवा बंद मात्र करू नकोस. मध्येच जीव घाबरला तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा, फोन रात्रंदिवस सुरू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

आईला आठव्या महिन्यातच बोलावून घे. रात्रीचा एक मोठा टप्पा बाळाला नवऱ्याने सांभाळायचा, म्हणजे तुला सलग चार-पाच तास झोप मिळेल. हे आत्ताच ठरवा, कळा सुरू झाल्यावर नाही. आणि पुढचं वाक्य त्याला वाचून दाखव : बाळंतपणानंतर तिला दिवसेंदिवस झोपच आली नाही, भास होऊ लागले, भलते संशय आले, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

पुढच्या तपासणीला नवऱ्याला बरोबर घेऊन जा. डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळव.