खाडीकाठचे प्रश्न, पुन्हा एकदा

गेल्या महिन्यातल्या टपालात निम्मे प्रश्न तेच ते आहेत. म्हणून एकदाच उत्तरे देतो.

कांदळवनामुळे डास होतात. सोसायटीने थोडे छाटले तर? (कोपरखैरणे)

नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018मध्ये राज्यभर कांदळवनतोडीवर बंदी घातली आहे. डास गच्चीवरच्या टाकीत शोधा.

फ्लेमिंगो बघायला बोट कुठून मिळेल? (वाशी)

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून. भरतीची वेळ विचारूनच निघा.

आमच्या शेजारचे तळे आटत चालले आहे. बिल्डरचा माणूस म्हणतो, ते अभयारण्यात नाहीच, मग कसले संरक्षण? (सीवूड्स)

हे ऐकून डोके फिरते. ठाणे खाडीचे अभयारण्य 2015मध्ये झाले, सुमारे 1,690 हेक्टर. 2022मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झाले. पण पक्षी सातबारा बघून उतरत नाहीत. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला, की नेरूळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर येतात. तळे गेले तर अभयारण्य कागदावर राहील, पक्षी राहणार नाहीत.

शिवाय तळे मारायला भराव लागतोच असे नाही, खाडीचे पाणी तळ्यात आणणारी मोरी बुजवली तरी पुरते. 2024मध्ये नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यात भरतीचे पाणी शिरायच्या वाटा बंद झाल्या आणि तळे कोरडे पडू लागले. मग ‘इथे पाणीच नसते’ म्हणायला हीच मंडळी पुढे! अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोरीशी उभे राहा. पाणी आत ओढले जात नसेल, तोंडाशी राडारोडा असेल, तर तारीख-वेळेसह फोटो काढा आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष व कोकण आयुक्तांच्या पाणथळ तक्रार समितीकडे लेखी द्या, पोच घ्या. पावसाळ्यानंतर बघू म्हणू नका. तोवर तळ गवताने भरतो. मोरी स्वतः उकरायला मात्र जाऊ नका.

येऊरला ‘जंगल व्ह्यू’ प्लॉट स्वस्तात मिळतोय. एजंट म्हणतो, झोनच्या बाहेर आहे. (ठाणे)

हा झोन म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. त्याची अधिसूचना 2016ची आहे, सोबत नकाशाही आहे. सर्व्हे नंबर घेऊन वन विभागात आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जा. टोकन त्यानंतर, तेही वकिलाला कागद दाखवून. ‘आज नाही दिले तर जाईल’ म्हणत असेल, तर जाऊ द्या.

मुलाच्या संग्रहासाठी पारसिकच्या डोंगरातला दगड आणू का? (कळवा)

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे तो. फोटो काढू द्या. खाणीच्या कड्याखाली मुलाला नेऊ नका, आणि मार्गदर्शन हवे असेल तर जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्र विभागात विचारा.