‘गेम सगळ्यांचाच’ एवढ्या मेसेजवर कोड तुमचा होत नाही

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचे तीन मित्र जुन्या आठ-बिट धाटणीचा गेम करतायत. एक पिक्सेल आर्ट काढतो, एक संगीत करतो, एक लेव्हल रचतो. प्रोग्रामर ओळखीतून आला. चौदा महिने त्याने रात्री जागून, एक पैसा न घेता कोड लिहिला. बोली एवढीच की नफा चौघांत सारखा. आता तो हिंजवडीत नोकरीला लागलाय आणि काम सोडलंय. त्याच्या जागी इंदिरानगरची एक मुलगी यायला तयार आहे. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, ‘आधीचा कोड कोणाचा?’ तिघांकडे त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे: ‘हो रे, गेम सगळ्यांचाच.’ तेवढ्यावर पुढे जावं का?

नाही. आणि त्या मुलीला हातची जाऊ देऊ नका. चौदा महिन्यांत तुम्हा तिघांना जे सुचलं नाही, ते तिला पहिल्या दिवशी सुचलं. असे प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात, आणि दर वेळी कागद करायची आठवण माणूस निघून गेल्यावरच झालेली असते.

कोड त्याचा आहे. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून लिहिला असता, तर एरवी मालकाचा झाला असता. तो तुमचा नोकर नव्हता. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच. त्या मेसेजवरून फार तर ‘वापरायला परवानगी होती’ असा युक्तिवाद करता येईल. टिकेल की नाही, सांगता येत नाही.

आता तुम्ही पाठवलेला एक पानी मसुदा. नेटवरून घेतलेला दिसतो. ‘सर्व हक्क टीमला देत आहे’, खाली सहीची जागा, संपलं. खरी गोम इथे आहे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. तुम्ही गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात काढणार, म्हणजे गिऱ्हाईक जगभरचं. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर तोही संपतो, कागदात वेगळं ठरलं नसेल तर. चौदा महिन्यांत तुमची पाण्याखालची लेव्हल पुरी झालेली नाही. वर्ष कधी सरेल ते कळणारही नाही. म्हणून हे वाक्य घाला: ‘हे हक्क कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी देत आहे, एक वर्षात वापर झाला नाही तरी ते संपुष्टात येणार नाहीत.’

‘टीम’ हा शब्द काढून तिघांची नावं लिहा. कोणता कोड हेही नेमकं लिहा: रिपॉझिटरीचं, म्हणजे कोड साठवलेल्या जागेचं नाव, आणि पहिल्या आणि शेवटच्या कमिटची, म्हणजे कोडमधला बदल तिथे नोंदवल्याची तारीख. ही शेवटची तारीख नीट बघा. नोकरी लागल्यानंतर त्याने तुमच्यासाठी एखादी दुरुस्ती केली असेल, तर त्याची कंपनी तिच्यावर हक्क सांगू शकते का, हे त्याचं नेमणूकपत्र वाचल्याशिवाय मी सांगणार नाही.

त्याच्या चौथ्या हिश्श्याचं काय, तेही याच कागदात ठरवा. ते ठरल्याशिवाय नव्या मुलीला कशातून वाटा देणार? स्टीमचा वाटा आणि कर वजा जाऊन जे उरेल तो नफा, असं स्पष्ट लिहा. क्रेडिटमध्ये त्याचं नाव ठेवा. हक्क लिहून दिला तरी कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा त्याचा अधिकार कलम ५७ खाली राहतोच. आणि चौदा महिने रात्री जागलेल्या मुलाला तेवढं मिळायलाच हवं.

तो सही देत नसेल तर कोड नव्याने लिहावा लागेल. गेमच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. त्या कल्पनेच्या मांडणीवर, म्हणजे इथे कोडवर असतो. पण मग नव्या मुलीला जुनी रिपॉझिटरी उघडूनही दाखवू नका. पात्राची उडी किती फ्रेम हवेत राहते, ते तिने खेळून आणि मोजून लिहावं.

कोर्टाचं नाव सध्या काढू नका. व्यावसायिक दावा झाला तर तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसल्यास आधी मध्यस्थी. मग प्रतिवादीला लेखी उत्तराला १२० दिवसांपर्यंत मुदत. तेवढ्या काळात सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या नाशिक जिल्हा न्यायालयात तुमच्या हाती तारखांपलीकडे फारसं काही पडणार नाही.

नव्या मुलीचा कागद पहिल्या कमिटच्या आधी करा. पुढे लिहिल्या जाणाऱ्या कोडचा हक्कही आज लिहून घेता येतो. कोड तयार होईल तसा तो लागू होतो. मुदत, प्रदेश आणि वर्षाची अट तिच्याही कागदात हवी.

जुन्या मुलाशी अजून बोलणं आहे ना? मग नोटीस पाठवू नका. या रविवारी पुण्याची एसटी धरा, कागदाच्या दोन प्रती आणि दोन साक्षीदार बरोबर घ्या, आणि सही समोर बसून घ्या.