बुद्धिबळाची कँडिडेट्स स्पर्धा पहिल्यांदा बघणार असशील तर

अरे, नुसतं रेटिंग बघून कोण जिंकणार ते ठरवू नकोस. आठ जण, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे 14 राउंड, आणि पहिल्यालाच वर्ल्ड चॅम्पियनला चॅलेंज करायला मिळतं, दुसऱ्याला ती संधी नाही, त्यामुळे मागे पडलेले शेवटी रिस्क घेतातच. 2024 ला टोरोंटोत गुकेश सातव्या राउंडला फ्रान्सच्या फिरूझाकडून हरला, तरी 9 पॉइंट करून जिंकला, मला तर तेव्हा भरून आलं होतं! आणि पेअरिंग चार्ट, म्हणजे कोण कधी कोणाशी खेळणार ते, आधी नीट बघ, एकाच देशाचे खेळाडू सुरुवातीलाच भिडतात, गुकेश आणि आपला नाशिकचा विदित पहिल्याच राउंडला खेळले. आणि हो, इंजिन (चाली सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) बंद ठेव, आधी स्वतः चाल शोध.