जिम रडला, मग तो शूर कसा?

प्रश्न : माझा नातू अकरा वर्षांचा. शाळा गुजराती माध्यमाची, मराठी छान बोलतो पण वाचायचा कंटाळा, म्हणून रात्री जेवणं आटोपली की मीच त्याला वाचून दाखवतो. सध्या स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' चालू आहे. इंग्रजी पुस्तक समोर धरायचं आणि मराठीत सांगत जायचं. परवा डॉक्टर गोष्टीतल्या मुलाला, जिमला, भित्रा म्हणतात आणि जिम रडायला लागतो, तिथे नातवाने मला थांबवलं. "आजोबा, हा पण बीकणच निघाला," म्हणाला (बीकण म्हणजे गुजरातीत भित्रा) आणि कूस बदलून झोपला. तेव्हापासून पुस्तक अडलंय. कारण मला ठाऊक आहे. महिन्यापूर्वी व्यायामशाळेत मल्लखांबाच्या बोंडावर, म्हणजे टोकावरच्या गोल गाठीवर, उभं राहायला त्याचा नंबर आला. बोंडाखालच्या निमुळत्या मानेपर्यंत चढला, तिथेच खांबाला मिठी मारून राहिला आणि घसरत खाली आला. मुलं 'बीकण, बीकण' म्हणाली. आता संध्याकाळी सहा वाजले की त्याचं पोट दुखतं. डॉक्टरांचं ते वाक्य मी गाळायला हवं होतं का? त्याला काय सांगू?
– एक आजोबा, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : गाळलं नाहीत ते फार चांगलं केलंत. मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांत बरेचदा अशीच वाक्यं जातात आणि नुसते चाचे आणि खजिना उरतो. वाचनालयाच्या बालविभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे ही तक्रार मी जन्मभर करत आले आहे. पण आजोबा, तुम्ही थांबलात ते प्रसंगाच्या अगदी मध्यावर. तिसावं प्रकरण आहे ते. आज रात्री पुढचं पान वाचाच.

काय चाललंय तिथे? जिम चाच्यांच्या ताब्यात आहे. 'पळणार नाही' असा शब्द घेऊन चाच्यांचा म्होरक्या सिल्व्हर याने त्याला डॉक्टर लिव्हसींशी बोलायला कुंपणापाशी आणलंय आणि स्वतः ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन एका झाडाच्या बुंध्यावर शीळ घालत बसलाय. डॉक्टर म्हणतात, आपले कॅप्टन स्मॉलेट धडधाकट होते तोवर आम्हाला सोडून जायची तुझी छाती झाली नाही. ते जखमी होऊन पडले तेव्हा निघून गेलास, हा भ्याडपणा झाला. जिम रडतो. रडतच सांगतो की मरायला मी तयार आहे, मला भीती वाटते ती छळाची. डॉक्टरांना ते ऐकवत नाही. म्हणतात, मार उडी कुंपणावरून, पळू या दोघं. आणि जिम नाही म्हणतो. शब्द दिलाय, परत जाणार. मग अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करतो : छळ केला तर मी जहाज कुठे लपवलंय ते माझ्या तोंडून निघून जाईल, म्हणून तुम्हीच आत्ता ऐकून ठेवा.

मला या पुस्तकात सगळ्यात आवडतो तो हा जिम. गालावरचं पाणी वाळलेलं नाही, आपण छळ सोसू शकू याची खात्री नाही, आणि ते तो बोलून दाखवतो. बोलला म्हणूनच जहाजाचा ठावठिकाणा वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचला.

डॉक्टर चुकले असं मात्र नातवाला सांगू नका. त्यांचं बरोबर होतं. जिम एकटा होडकं घेऊन समुद्रात शिरला, जहाजाचा दोर कापला, ही सगळी मर्दुमकीच. पण निघाला होता तो कुणाचं लक्ष नसताना, गुपचूप. ती रीत वाईट होती हे तो स्वतःच लिहितो. डोलकाठीवर इस्रायल हँड्स या चाच्याचा सुरा खांद्यात बसला तेव्हा आपली पिस्तुलं नेम न धरताच उडाली हेही तो लपवत नाही, आणि त्यानंतर अंगाला कसा कापरा भरला, तेही सांगतो.

आता मल्लखांब. नातू खाली उतरला यात मला काहीही वावगं दिसत नाही. हात सुटतोय असं वाटलं की मानेवरून उतरावं, बोंडावर जाऊन धडपडू नये; कुठलाही वस्ताद हेच सांगेल. मला काळजी वाटते ती त्या पोटदुखीची. जिमचं गुपचूप निघून जाणं आणि हे, एकाच जातीचं आहे.

हे मी अनुभवाने सांगते. आपल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांचं काम सुरू केलं, त्या परंपरेतलं हे वैभव. नऊ वर्षांची असताना बाबांचं बोट धरून तिथे गेले. पायाखाली, काचेच्या पलीकडे, कुणाची तरी सावली सरकली आणि मी जिन्याच्या पायरीवर बसकण मारली. 'पाय दुखतोय' म्हटलं. पुढच्या खेपेलाही पाय दुखला, त्याच्या पुढच्याही. वर्षभराने काचेची भीती उरली नव्हती, पण आता एकदम पाय बरा कसा करायचा ते कळेना. शेवटी एका रविवारी बाबांच्या पाठीमागे उभं राहून, त्यांच्या सदऱ्याकडे बघत सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "मग कडेकडेने चाल, तिथे लोखंडी पट्टी आहे."

तेव्हा नातवाला उपदेश नको. पान पुरं वाचा, तो काय म्हणतो ते ऐका. मग त्याला विचारा, वस्तादांना नक्की काय सांगायचंय : हात घसरतात, खाली बघवत नाही, की मुलं हसतात? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पण सांगायचं त्याने, तुम्ही नाही. व्यायामशाळेच्या दारापर्यंत सोबत जा, आणि बाहेरच्या ओट्यावर बसा, बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.